मद्रास १७४६: किल्ला तीन दिवसांत पडला, भांडण महिनाभर चाललं

सप्टेंबर १७४६ मध्ये मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जची किंमत ठरली अकरा लाख पॅगोडा. पॅगोडा म्हणजे तेच सोन्याचं नाणं ज्याला आपण होन म्हणतो. इंग्रजांनी एवढी रक्कम द्यायची आणि फ्रेंचांनी जिंकलेलं शहर परत करून आपल्या वाटेने निघून जायचं, असा सौदा. पुढे झालं काय, तर ती रक्कम फ्रेंच कंपनीच्या तिजोरीत कधी आलीच नाही, शहर इंग्रजांना मिळालं तीन वर्षांनी आणि तेही भलत्याच गोष्टीच्या बदल्यात, आणि ज्या माणसाने हा सौदा केला तो पॅरिसला बास्तीयच्या तुरुंगात जाऊन बसला. शाळेत आपण हे सगळं 'पहिलं कर्नाटक युद्ध' असं म्हणून दीड ओळीत संपवतो.

मला या प्रकरणात किल्ला कसा पडला यापेक्षा पडल्यावर काय झालं ते जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कारण पडायला फारसं काही लागलंच नाही. खरी लढाई जिंकणाऱ्यांमध्ये आपसात झाली, एक किल्ला आणि दोन मालक, आणि दोघांच्या खिशात वरिष्ठांचे कागद.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. म्हणजे मुंबईसारखी खाडी, आडोसा, काही नाही, सरळसोट वाळूचा किनारा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. मोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल, माणसं, सगळं मसुला नावांतून किनाऱ्यावर यायचं. या मसुला नावा खिळे न मारता काथ्याने शिवलेल्या असायच्या, कारण खिळ्यांची होडी त्या लाटांमध्ये आपटून उकलली असती, ही मात्र लवचिक असल्याने तरायची. तर अशा उघड्या किनाऱ्यावर इंग्रजांनी १६३९ ला जागा मिळवली आणि किल्ला उभा केला. आत गोऱ्यांचं व्हाइट टाऊन, बाहेर उत्तरेला तटाला चिकटूनच ब्लॅक टाऊन, तिथे विणकर, व्यापारी, दुबाश (साहेबांचे दुभाषे-दलाल), म्हणजे शंभर वर्षांत चांगलंच मोठं शहर झालेलं. तट मात्र असा की शत्रूने तोफा लावेपर्यंतच त्याचा रुबाब. आपल्या जंजिऱ्याची किंवा सिंधुदुर्गाची कल्पना डोक्यात ठेवून हा किल्ला बघायला गेलात तर निराशा होईल.

आणि दुसरी गोष्ट, वारा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की समुद्र मोकळा होतो, कोळी होड्या काढतात. तिकडे नेमकं उलटं. आपला समुद्र शांत व्हायला लागतो तेव्हा कोरोमंडलचा, म्हणजे मद्रासकडच्या पूर्व किनाऱ्याचा, खवळायची वेळ येते, ऑक्टोबरच्या मध्यापासून ईशान्य मोसमी सुरू होतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळं त्याच्यासोबत. त्यामुळे तिथला साधा नियम, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा संपायच्या आत जहाजांनी किनारा सोडायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. फ्रेंचांना, इंग्रजांना, मसुलावाल्यांना तर होतंच होतं. ही तारीख लक्षात ठेवा.

आता युद्ध कुठलं तर युरोपातलं, ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारसावरून पेटलेलं. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये १७४४ ला उघड युद्ध जाहीर झालं. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले, तो मुळात व्यापारी डोक्याचा माणूस, त्याने मद्रासला निरोप पाठवला की तिकडे आपले राजे भांडू देत, इथे आपण धंदा करू. मद्रासवाल्यांनी सांगितलं की आमचं ठीक आहे हो, पण राजाची आरमारी जहाजं येतील त्यांच्यावर आमचा हुकूम चालत नाही. आणि ती आलीच, कमोडोर बार्नेटच्या हाताखाली, आणि त्यांनी फ्रेंच व्यापारी जहाजं एकामागून एक धरली, चीनकडून माल भरून येणारीसुद्धा. नुसता कंपनीचाच नाही, डुप्लेचा स्वतःचाही पैसा त्या धंद्यात गुंतलेला होता. माझ्या मते इथेच त्याच्या डोक्यात मद्रास बसलं.

पण डुप्लेकडे जहाजं नव्हती. जहाजं होती ला बूर्दोनेकडे. हा सेंट-मालोचा दर्यावर्दी, जन्म १६९९ चा, मलबारवरचं माहे घेताना १७२५ ला हजर, मग मध्यंतरी गोव्यात पोर्तुगीजांच्या नोकरीत, आणि १७३५ पासून इल द फ्रान्स म्हणजे आजच्या मॉरिशसचा गव्हर्नर. पोर्ट लुईचं बंदर त्याने उभं केलं. रिकाम्या हातांनी काम काढणारा माणूस. त्याने कंपनीची व्यापारी जहाजं गोळा केली, त्यांच्यावर तोफा चढवल्या, खलाशांकडून सैनिकी कवायत करून घेतली, आफ्रिकन गुलामांची भरती केली, आणि मग वाटेत वादळाने हे सगळं मोडून टाकल्यावर मादागास्करच्या जंगलातली लाकडं तोडून परत जहाजं दुरुस्त केली. खऱ्या अर्थाने लढाऊ जहाज त्याच्याकडे एकच, सत्तर तोफांचं 'अशील'. बाकी सगळी मालवाहू जहाजांना तोफा लावून केलेली जुळवाजुळव.

तोपर्यंत बार्नेट कडलूरला वारला होता आणि इंग्रज आरमार पेटन नावाच्या कॅप्टनकडे आलं होतं. जुलै १७४६ ला नागपट्टणमसमोर दोन्ही आरमारं भिडली. इंग्रजांची जहाजं कमी पण सगळी लढाऊ, तोफा जड. संध्याकाळपर्यंत मारामारी, निकाल काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पेटनने परत लढायचं सोडून श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीची वाट धरली. ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले तेव्हाही त्याने टाळलं आणि मग 'माझं मोठं जहाज गळतंय' म्हणत थेट बंगालकडे निघून गेला. मद्रासला धड निरोपही नाही. याला मी भ्याडपणा म्हणणार नाही घाईघाईने, जहाज खरंच गळत होतं, पण समजा तुम्ही मद्रासचे गव्हर्नर आहात, तुमचे तट कच्चे आहेत, तुमची सगळी भिस्त त्या सहा जहाजांवर आहे, आणि एक दिवस समुद्राकडे बघता तर जहाजंच नाहीत. तसं झालं.

मद्रासचा गव्हर्नर होता निकोलस मोर्स. दुसरी भिस्त त्याने ठेवली होती अर्काटच्या नवाबावर, अन्वरुद्दीनवर. नवाबाने आधी इंग्रजांना बजावलं होतं की माझ्या मुलखात पाँडिचेरीवर हल्ला करायचा नाही, आणि आता तोच नियम फ्रेंचांना लावून त्याने मद्रास वाचवावं अशी मोर्सची अपेक्षा. पण दरबारात वकील पाठवला तो नजराण्याशिवाय. हिंदुस्थानात शंभर वर्षं धंदा करून यांना एवढंही कळू नये! डुप्लेने मात्र नवाबाला गोड शब्द दिला की मद्रास आम्ही घेतो आणि तुमच्याच हवाली करतो. हा शब्द पुढे सगळ्या गोंधळाचं मूळ ठरतो.

इथे एक आपला धागा आहे तो सांगतो, ओढूनताणून नाही, खरंच आहे. हा अन्वरुद्दीन नवाब झाला कसा? १७४० ला मराठ्यांनी दमालचेरीच्या घाटात जुना नवाब दोस्त अली याला मारलं, १७४१ ला रघुजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन त्याच्या जावयाला, चंदासाहेबाला, कैद केलं आणि तो सातारच्या कैदेत १७४८ पर्यंत राहिला. घराण्याची बायकामुलं पळून पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला गेली. त्या रिकाम्या झालेल्या जागेवर निजामाने आणून बसवलेला माणूस म्हणजे अन्वरुद्दीन, मुलखात नवा, पाया कच्चा. तेव्हा मद्रासच्या वेळी नवाब इतका डळमळीत का वागला याचं अर्धं उत्तर आपल्या फौजांच्या टापांमध्ये आहे.

बरं, किल्ला. फ्रेंच येणार हे मोर्सला कळलं नव्हतं असंही नाही. ऑगस्टमध्येच फ्रेंच जहाजं मद्राससमोर येऊन 'प्रिन्सेस मेरी' नावाच्या इंग्रज जहाजावर तोफा डागून परत गेली होती. म्हणजे जवळपास पंधरा दिवस आधी दारावर टकटक झालेली. तरी तयारी यथातथाच. १४ सप्टेंबरच्या सुमारास ला बूर्दोनेची माणसं शहराच्या दक्षिणेला उतरली. (इथे तारखांची एक गंमत, इंग्रज तेव्हा जुनंच कॅलेंडर वापरायचे, ते अकरा दिवस मागे, त्यामुळे हीच घटना इंग्रजी कागदांत ३ सप्टेंबरला दिसते. मी सगळीकडे नव्या, म्हणजे फ्रेंचांच्या तारखा दिल्यात.) जमिनीवर अकराशेच्या आसपास युरोपियन, शिवाय काही शे आफ्रिकन आणि देशी शिपाई, आणि तेवढीच किंवा जास्त माणसं जहाजांवर राखीव. आत गोरी माणसं सगळी मिळून तीनशेच्या आत, त्यातले शिपाई दोनशे.

नदीपलीकडे गव्हर्नरचा बागबंगला होता, हवा खायला बांधलेला. फ्रेंचांनी तोच ताब्यात घेतला आणि त्याच्या आडोशाने उखळी तोफा लावल्या. म्हणजे साहेबांनी स्वतःच्या हौसेने शत्रूला मोर्चा बांधून ठेवला होता. १८ तारखेपासून जमिनीवरून उखळी गोळे आणि रात्री समुद्राकडून जहाजांच्या तोफा. तीन दिवस. २१ सप्टेंबरला मोर्सने किल्ला दिला. आत मेलेले इंग्रज चार-पाच. फ्रेंच छावणीत वेढ्यात मेलेला माणूस, एकही नाही.

आता सात वर्षं मागे जाऊन १७३९ ची वसई आठवा. चिमाजी अप्पांना वसई घ्यायला तीन महिने वेढा, सुरुंगांवर सुरुंग, आणि हजारोंनी माणसं खर्ची घालावी लागली होती. पोर्तुगीज तेव्हा उतरणीला लागलेले होते तरी वसईसाठी इंच इंच लढले. इंग्रजांनी मद्रास असं दिलं जसं दुकानदार गर्दी वाढली की शटर ओढतो. यात त्यांचं हिशेबी डोकं दिसतं, शूर-भित्रे हा प्रश्न नाही. त्यांना वाटलं लढून शहर उद्ध्वस्त करून घेण्यापेक्षा पैसे देऊन सोडवू. आणि समोरचाही तेच बोलत होता.

आता खरं प्रकरण सुरू होतं.

ला बूर्दोनेचं म्हणणं, मी हे शहर खंडणी घेऊन सोडणार. त्याच्याकडे कागद होता. फ्रान्समधून त्याला स्पष्ट सूचना होती की शत्रूची कुठलीही वखार किंवा वसाहत घेऊन ती आपल्याकडे ठेवायची नाही. त्यांना मुलूख नको होता, धंदा हवा होता, मुलूख म्हणजे खर्च. शिवाय तो व्यवहारी दर्यावर्दी, त्याच्या डोक्यात वाऱ्याचं कॅलेंडर, पैसा घ्या, माल भरा, ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी निघा, आणि जमलं तर अजून एखादं ठाणं मारा.

डुप्लेचं म्हणणं, सोडायचं अजिबात नाही. मद्रास इंग्रजांचं कोरोमंडलवरचं मुख्य ठाणं, ते परत दिलं तर उद्या परत उभे राहतील, आणि खंडणीच्या हुंड्या लंडनवर काढलेल्या, त्या वटतील याची हमी काय? त्याच्याकडेही कागद होता. हिंदुस्थानातल्या सगळ्या फ्रेंच ठाण्यांचा तो प्रमुख, तेव्हा जिथे फ्रेंच निशाण लागलं ती जमीन आपोआप पाँडिचेरीच्या कौन्सिलखाली आली. ला बूर्दोने म्हणणार, मोहीम माझी, राजाने नेमलंय मला. डुप्ले म्हणणार, समुद्रावर तू राजा, जमिनीवर मी.

आणि तिसरा, ज्याला दोघांनीही विचारलं नाही, तो नवाब. त्याला मद्रास कबूल केलेलं. डुप्लेने मनात काय ठरवलं होतं देव जाणे, सांगत असे की तटबंदी पाडून मग नवाबाला देऊ. पण अकरा लाख घेऊन इंग्रजांनाच परत दिलं तर नवाबाला काय तोंड दाखवणार, ही त्याची अडचण अगदी खोटी नव्हती.

ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. हेड ऑफिसने एकाला ईमेल केला, दुसऱ्याला वेगळा केला, दोघांना एकमेकांचा सीसी नाही, आणि हेड ऑफिस सहा महिन्यांच्या अंतरावर. तेव्हा पॅरिसला प्रश्न विचारून उत्तर यायला वर्ष सहज जायचं. पॅरिसने दोघांनाही पूर्ण अधिकार दिले, कारण दोघंही कर्तबगार, आणि दोघं एकाच जागी आले तर कोण वर, हे लिहायचं राहिलं. किंवा मुद्दाम ठेवलं.

मग जो तमाशा झाला तो असा. डुप्लेने पाँडिचेरीहून आपली माणसं मद्रासला पाठवली, त्यात देप्रेमेनिल होता, पाराडी नावाचा स्विस एंजिनियर होता, की जा आणि ताबा घ्या. ला बूर्दोनेने त्यांचं ऐकून तर घेतलंच नाही, उलट त्यातल्या काहींना अटक केली. फ्रेंचांनी जिंकलेल्या किल्ल्यात फ्रेंचच फ्रेंचांच्या कैदेत! बाजूला हरलेले इंग्रज आपल्या खंडणीचा करार कधी सही होतोय याची वाट बघत बसलेले. पत्रांवर पत्रं. त्यात मालाची लूट कोणाच्या हिशेबात जाणार हाही वाद. आणि कुजबूज अशी की ला बूर्दोनेला इंग्रजांनी आतून वेगळी रक्कम दिलीय. हा आरोप पुढे आयुष्यभर त्याला चिकटला, फ्रान्सच्या चौकशीत तो निर्दोष सुटला, तरी इतिहासवाले अजून त्यावर भांडतात. मला विचाराल तर, त्या काळात वेगळी रक्कम न घेणारा कंपनीचा माणूस दाखवणं हेच अवघड, डुप्ले काय नि इंग्रज काय. पण खंडणीचा निर्णय त्याने लाचेपोटी घेतला असं मला वाटत नाही, त्याच्या हातातल्या सूचना तेच सांगत होत्या.

चूक त्याची दुसरीकडे झाली. तो थांबला. ज्या माणसाला वाऱ्याचं सगळ्यात जास्त कळत होतं तोच माणूस ऑक्टोबर उजाडून पुढे गेला तरी मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर आपली जहाजं नांगरून डुप्लेशी पत्रापत्री करत बसला. खंडणीचा कागद पक्का झाल्याशिवाय हलायचं नाही, हा हट्ट.

१३ ऑक्टोबरची रात्र. दिवसभर हवा चांगली होती म्हणतात. रात्री वादळ आलं. सकाळी किल्ल्यावरून बघितलं तर समुद्रावर एकही जहाज दिसेना. काही बुडाली, काही डोलकाठ्या गमावून कुठेतरी वाहत गेलेली. 'द्यूक दॉर्लेआँ' तळाला गेलं, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं वाचली. 'अशील' मोडकळीला आलेलं. एकंदर बाराशेच्या वर माणसं गेली असं सांगतात. वेढ्यात शून्य आणि एका रात्रीत बाराशे. भांडण दोघांचं, बुडाले खलाशी. त्यात आफ्रिकेतून ओढून आणलेले गुलामही असणार, त्यांचं ना खंडणीशी देणंघेणं ना नवाबाशी.

ज्या आरमाराने हिंदी महासागरात फ्रेंचांचं पारडं जड केलं होतं ते एका रात्रीत संपलं. यानंतर ला बूर्दोनेकडे हट्ट करायलाही काही उरलं नव्हतं. २१ तारखेला त्याने मोर्सबरोबर खंडणीच्या करारावर सही केली, शहर देप्रेमेनिलच्या हवाली केलं, आणि २३ ऑक्टोबरला उरलेल्या जहाजांसह निघून गेला. तो परत हिंदुस्थानात आला नाही.

डुप्लेने करार पाळायचं काही कारणच नव्हतं, आणि त्याने तो पाळला नाही. पण तेवढ्यात नवाबाचा मुलगा महफूजखान फौज घेऊन मद्राससमोर हजर. बाबा, आमचं शहर कुठाय? दिलेला शब्द आता वसुलीला आला होता. फौज दहा हजारांच्या घरात सांगतात. किल्ल्यातून चारशे फ्रेंच दोन तोफा घेऊन बाहेर आले आणि त्यांनी घोडदळ उधळून लावलं, आणि दोन दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, पाराडी पाँडिचेरीहून मदत घेऊन येत होता त्याला अड्यार नदीवर महफूजखानाने अडवलं. पाराडीकडे युरोपियन आणि कवायती देशी शिपाई धरून हजाराच्या आत माणसं, तोफा नाहीतच. नदी पार करून एक बार टाकला आणि संगिनी लावून सरळ चाल केली. नवाबाची फौज जवळच्या सेंट थोम गावाच्या गल्ल्यांत शिरली, तिथे कोंडी झाली आणि पळ काढला.

ही लढाई पुस्तकांत फार मोठी करून सांगतात, आता युरोपियन सैन्य अजिंक्य वगैरे. थोडं दमाने घ्यावं. दोन दिवस आधीच्या, किल्ल्याबाहेरच्या चकमकीत फरक तोफांच्या वेगात होता, नवाबाचे गोलंदाज पाव तासात एक गोळा सुटला तरी समाधानी, फ्रेंचांच्या हलक्या तोफा मिनिटाला कितीतरी वेळा डागायच्या, घोडेस्वाराला मधल्या वेळात पोचताच यायचं नाही. आणि अड्यारला पाराडीच्या त्या हजारात मोठा भाग आपल्याच देशी शिपायांचा होता, कवायत शिकवलेल्या. पुढे सगळ्यांनी, इंग्रजांनी, नवाबांनी, आपल्या महादजी शिंद्यांनीसुद्धा, हाच धडा पैसे देऊन घेतला.

मग पाराडीने मद्रासमध्ये जाहीर केलं, करार रद्द. इंग्रजांनी एकतर फ्रेंचांविरुद्ध न लढण्याची शपथ घ्यायची किंवा कैदेत जायचं. मोर्सला आणि बाकीच्या साहेबांना पाँडिचेरीला नेऊन मिरवलं. करार मोडल्यामुळे आपण दिलेला शब्दही संपला असं म्हणत काही इंग्रज रात्री देशी कपडे घालून सटकले, त्यात एकवीस वर्षांचा एक कारकून होता, रॉबर्ट क्लाइव्ह. डुप्लेने करार पाळला असता तर हे पोरगं वखारीत खर्डेघाशी करत राहिलं असतं की काय कोण जाणे, पण बंदूक त्याच्या हातात आली ती इथून.

सटकून गेले कुठे तर कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला. आणि हा किल्ला इंग्रजांना विकला कोणी? आपणच. १६९० ला, राजाराम महाराज जिंजीला असताना. सौदा मोठा मजेशीर होता, किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची सगळी जमीन इंग्रजांची. इंग्रजांनी त्यांच्याकडची सगळ्यात लांब पल्ल्याची तोफ काढली हे सांगायला नको. तिकडे त्या गावांना 'गुंडू ग्रामम' म्हणजे गोळ्याची गावं म्हणायचे. मोगलांचा वेढा गळ्याशी आलेला, महाराजांना पैसा हवा होता, तो व्यवहार तेव्हा बरोबरच होता. पण छपन्न वर्षांनी मद्रास गेल्यावर इंग्रजांना हिंदुस्थानच्या त्या किनाऱ्यावर पाय टेकायला उरलेली मुख्य जागा तीच. डुप्लेने ती घ्यायचे प्रयत्न करून पाहिले, त्याला जमलं नाही. आरमार असतं तर जमलं असतं, आणि आरमार तर मद्राससमोर तळाला.

१७४८ ला उलटा खेळ, इंग्रज अॅडमिरल बॉस्कॉवेन मोठं आरमार घेऊन पाँडिचेरीवर आला, पावसापर्यंत वेढा घालून बसला आणि हात हलवत परत गेला. पाराडी त्या वेढ्यात मेला. तेवढ्यात युरोपातून बातमी, एक्स-ला-शापेलला तह झाला, ज्याचं त्याला परत. कॅनडाच्या किनाऱ्यावर लुईबूर नावाचा फ्रेंचांचा किल्ला होता, तो १७४५ ला अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी-कोळी-दुकानदार लोकांनी इंग्लंडच्या आरमाराच्या मदतीने जिंकला होता. तो फ्रान्सला परत आणि मद्रास इंग्लंडला परत. तिकडचे लोक भयंकर चिडले, आमची माणसं त्या थंडीत मेली आणि तुम्ही कुठल्या तरी मद्रासच्या बदल्यात देऊन टाकलं! त्यांना मद्रास कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, जसं मद्रासच्या विणकराला लुईबूर माहीत असण्याचं नव्हतं. अकरा लाख होनांचा किल्ला शेवटी एका किल्ल्याच्या अदलाबदलीत गेला.

१७४९ ला शहर परत मिळालं तेव्हा इंग्रजांना दिसलं की तटाला चिकटलेला ब्लॅक टाऊनचा भाग फ्रेंचांनी तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून सपाट केलाय. घरं गेली ती देशी लोकांची. मग इंग्रजांनीही तोच धडा गिरवत पुढच्या काही वर्षांत उरलेलं पाडलं आणि वस्ती लांब सरकवली, आज मद्रास हायकोर्ट उभं आहे ती जागा म्हणजे ते जुनं ब्लॅक टाऊन. कॅथलिक लोकांवर फ्रेंचांना सामील असल्याचा संशय घेऊन त्यांना व्हाइट टाऊनमधून काढलं तो वेगळाच विषय. आणि इंग्रज तेव्हापासून तटबंदीवर खरा पैसा घालायला लागले, त्याचा उपयोग १७५८-५९ च्या फ्रेंच वेढ्यात झाला, तेव्हा किल्ला टिकला.

ला बूर्दोनेचं काय झालं? मॉरिशसला पोचला तर त्याच्या खुर्चीत दुसरा गव्हर्नर. फ्रान्सला जाताना डच जहाजावर इंग्रजांनी पकडलं, पण लंडनमध्ये त्याला चक्क पाहुण्यासारखं वागवलं, कारण त्यांच्या लेखी हा सभ्य माणूस, खंडणीवर सोडायला तयार झालेला. हे फ्रान्समध्ये कळल्यावर त्याच्यावरचा संशय अजून पक्का. बास्तीयमध्ये जवळपास तीन वर्षं. लिहायला कागद मिळत नव्हते तेव्हा भाताच्या पेजेने खळ देऊन कडक केलेल्या रुमालांवर कॉफी आणि काजळीची शाई करून त्याने आपली बाजू लिहिली अशी गोष्ट सांगतात. १७५१ ला निर्दोष सुटला, १७५३ ला गेला. पुढच्याच वर्षी डुप्लेला परत बोलावलं, तोही कंपनीशी पैशांसाठी भांडत १७६३ ला कंगाल होऊन मेला. पेटनलाही अटक करून मायदेशी पाठवलं. मोर्सचं तेवढं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

मॉरिशसमध्ये मात्र ला बूर्दोनेचा मान अजून आहे. पोर्ट लुईला बंदरासमोर त्याचा पुतळा आहे, आणि तिथल्या आपल्या मराठी मंडळींची पोरं, ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी-सावंतवाडीकडून ऊस तोडायला गेले, ती रोज त्याच्यासमोरून जातात. त्यांच्यासाठी तो बंदर बांधणारा गव्हर्नर, मद्रासचं त्यांना काही नाही.

मद्रासच्या किल्ल्यात मात्र एक खूण राहिली आहे. किल्ल्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर काळ्या दगडाच्या उंच खांबांची रांग होती, १७३० च्या दशकातली. फ्रेंचांनी ते खांब उपटून जहाजातून पाँडिचेरीला नेले. १७६१ ला इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली तेव्हा शोधून तेच खांब परत आणले, एवढ्या वजनाचे दगड, त्याच लाटांमधून, दोनदा. त्यातले काही आज फोर्ट सेंट जॉर्जमध्ये तमिळनाडूच्या सचिवालयाच्या दर्शनी भागात उभे आहेत, खाली सरकारी गाड्या लागतात.